डेटाबेसच्या गप्पा : आडव्या ओळीतला सगळ्यात मोठा



मागच्या गप्पांमध्ये मॅक्स आणि ग्रुप बाय झालं. त्यावर आलेला प्रश्न असा : "मॅक्स कळलं हो, पण माझे आकडे एका रकान्यात नाहीत. एकाच ओळीत चार रकाने आहेत आणि मला त्या चारांतला सगळ्यात मोठा हवाय. तो कसा काढायचा?" उत्तर तसं एका शब्दाचं आहे, ग्रेटेस्ट. पण त्या शब्दाच्या पुढ्यात एक खड्डा आहे आणि त्यात चांगली चांगली माणसं पडलेली मी पाहिली आहेत. म्हणून आज फक्त एवढंच.

(नेहमीची सूचना : कमांड मी इथे देवनागरीत लिहिते. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा, सर्व्हरला अजून मराठी येत नाही.)

शाळेतलं प्रगतिपुस्तक आठवा. किंवा त्याहून बरं, बाईंच्या टेबलावरचा तो लांबलचक गुणतक्ता आठवा. प्रत्येक मुलाची एक ओळ आणि चार रकाने : पहिली घटक चाचणी, सहामाही, दुसरी घटक चाचणी, वार्षिक. "सहामाहीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क किती?" असं विचारलं की बाईंचं बोट एका रकान्यावरून वरून खाली जातं. हे मॅक्सचं काम. "या मुलाला चारांपैकी सगळ्यात चांगले मार्क किती पडले?" असं विचारलं की बोट डावीकडून उजवीकडे जातं. हे ग्रेटेस्टचं काम. मॅक्स उभं बघतं, ग्रेटेस्ट आडवं. एवढा फरक पक्का झाला की निम्मा गोंधळ संपतो.

सिलेक्ट नाव, ग्रेटेस्ट(चाचणी१, सहामाही, चाचणी२, वार्षिक)
फ्रॉम गुणतक्ता

झालं. सगळ्यात लहान हवा असेल तर लीस्ट. एसक्युलाइट वापरणाऱ्यांना मात्र ग्रेटेस्टऐवजी मॅक्सच लिहावं लागतं. तिथे एकच गोष्ट कंसात दिली तर ते उभं बघतं, दोन किंवा जास्त दिल्या तर आडवं. एकाच नावाने दोन कामं करणारं हे प्रकरण मला फारसं आवडत नाही, पण ते तसं आहे खरं.

आता खड्डा. त्याच गुणतक्त्यात एखाद्या मुलाला सहामाहीच्या वेळी कांजिण्या आल्या. बाई त्या चौकटीत शून्य लिहीत नाहीत, "गै.ह." लिहितात. गैरहजर आणि शून्य यांतला फरक आपल्याला दुसरीत असतानाच कळलेला असतो. शून्य म्हणजे पेपर दिला आणि काही आलं नाही. गैरहजर म्हणजे मार्क ठाऊकच नाहीत. डेटाबेसमध्ये या "गै.ह."ला नल म्हणतात (पाण्याचा नळ नव्हे). तर प्रश्न असा, की चारांपैकी एक चौकट गैरहजर असेल तर चारांतला सगळ्यात मोठा कुठला?

यावर डेटाबेसवाल्यांचं एकमत नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे.

पोस्टग्रेस म्हणतो, गैरहजराला सोडून द्या, उरलेल्यांतला मोठा सांगतो. चारही रिकामे असतील तरच तो नल देतो. ओरॅकल म्हणतो, एकही रिकामा असेल तर मी काही सांगू शकत नाही, उत्तर नल. मायएसक्यूएलचंही तेच. (मायएसक्यूएल पूर्वी पोस्टग्रेससारखं वागायचं. २००५ मध्ये ५.०.१३ या आवृत्तीपासून त्याने बाजू बदलली. कोणाच्या कपाटात त्याआधीचं पुस्तक असेल तर त्यातलं हे पान विसरा.) एसक्युलाइट ओरॅकलच्या बाजूला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ग्रेटेस्ट आलं थेट २०२२ च्या आवृत्तीत, आणि ते बसलं पोस्टग्रेसच्या शेजारी. एसक्यूएलचं पहिलं प्रमाण १९८६ सालचं, पण त्यात ग्रेटेस्ट यायला २०२३ उजाडलं. त्या प्रमाणात लिहिलंय की एकही नल असेल तर उत्तर नल. पोस्टग्रेसवाल्यांनी मग आपल्या मॅन्युअलमध्ये सरळ लिहून टाकलं, की आमचं वागणं प्रमाणापेक्षा वेगळं आहे. वर्षानुवर्षं चाललेल्या लोकांच्या क्वेऱ्या कोण मोडणार?

आणि एक्सेल? एक्सेलमधलं मॅक्स रिकाम्या चौकटी सोडून देतं. आपल्यापैकी बहुतेक जण एक्सेलमधून इकडे आलेले, त्यामुळे "रिकामं म्हणजे मोजायचं नाही" हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. (सगळ्याच चौकटी रिकाम्या असतील तर एक्सेल शून्य देतं, आणि तो शून्य तारीख म्हणून दाखवायला सांगितला की जानेवारी १९०० ची शून्य तारीख दिसते. अशी तारीख कालनिर्णयमध्येसुद्धा सापडायची नाही.)

हे सगळं वाचून "हो, असतील बारीकसारीक फरक" असं वाटणं साहजिक आहे. म्हणून एक खरी गोष्ट सांगते.

२०२० च्या मार्चमध्ये इंग्लंडात लॉकडाउन लागला तेव्हा आमच्या भागातल्या मराठी मंडळाने एक फार चांगलं काम सुरू केलं. इकडे साठ-सत्तरच्या दशकांत आलेली बरीच मंडळी, त्यात डॉक्टर पुष्कळ, आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. मुलं दुसऱ्या गावी, जोडीदार गेलेला, चार खोल्यांच्या घरात एकटं माणूस. अशांची यादी करायची, स्वयंसेवकांनी पाळीपाळीने फोन करायचा, जमेल तिथे सामान दारात ठेवून खिडकीतून विचारपूस करायची, ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे त्यांना निरोप पाठवायचा. वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मायएसक्यूएल मिळालेलंच होतं. त्यात एक टेबल केलं : नाव, शेवटचा फोन, शेवटची भेट, शेवटचा निरोप. दर सोमवारी क्वेरी चालायची आणि ज्यांच्याशी एकवीस दिवसांत कुठल्याच मार्गाने बोलणं झालेलं नाही त्यांची लाल यादी स्वयंसेवकांकडे जायची.

क्वेरी लिहिली होती मंडळातल्याच एका हुशार मुलाने. ऑफिसात तो पोस्टग्रेस वापरायचा, म्हणून आधी तिथेच खोटी नावं घालून त्याने ती तपासली. अट अशी होती :

व्हेअर ग्रेटेस्ट(फोन, भेट, निरोप) < एकवीस दिवसांपूर्वीची तारीख

उत्तम चालली. मग ती मायएसक्यूएलवर आणताना तारखेची वजाबाकी अडली, कारण ती दोन्हीकडे वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागते. ती त्याने बदलून घेतली. ग्रेटेस्ट मात्र दोन्हीकडे आहे, एरर काही आला नाही, म्हणून ते तसंच राहिलं.

आता बघा काय होतं. ज्या आजोबांकडे स्मार्टफोन नाही त्यांचा निरोपाचा रकाना कायमचा रिकामा. जे आडगावात राहतात त्यांचा भेटीचा रकाना रिकामा. मायएसक्यूएल अशा ओळीचं ग्रेटेस्ट देतं नल. आणि "नल ही एकवीस दिवसांपूर्वीच्या तारखेपेक्षा लहान आहे का?" याचं उत्तर खरंही नाही, खोटंही नाही, "माहीत नाही" असं येतं. व्हेअर फक्त "खरं" असलेल्यांनाच आत सोडतं. म्हणजे ती ओळ यादीत येत नाही. या सोमवारी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. ज्यांच्याशी तिन्ही मार्गांनी संपर्क होता, म्हणजे मुळात ज्यांची फारशी काळजी नव्हती, त्यांच्यासाठी यादी अचूक चालत होती. ज्यांच्यापर्यंत पोहोचायला एकच दोरी होती, नेमके तेच गळले.

पहिले काही आठवडे कळलं नाही, कारण स्वयंसेवक उत्साहात सगळ्यांनाच फोन करत होते. पुढे यादी आली की यादीप्रमाणे काम, असं झालं. मग एके दिवशी एका आजींनी सेक्रेटरीकाकांना स्वतःहून फोन केला : "अहो, माझं काही बोलण्यात चुकलं का? मुली फोन करायच्या, त्या आता करत नाहीत." मध्ये सात आठवडे गेले होते.

काकांनी मला टेबल बघायला सांगितलं. मी क्वेरी वाचायच्या आधी एक बेरीज केली, आणि ती तुम्हीही अशा वेळी करावी. एकवीस दिवसांत संपर्क झालेले किती? ४१. न झालेले किती? १६. दोन्ही मिळून ५७. टेबलात एकूण नावं किती? ६८. प्रत्येक माणूस एक तर इकडे हवा नाहीतर तिकडे, मग हे अकरा जण गेले कुठे? शाळेतलं गणित सांगतं की एखादी गोष्ट लहान नसेल तर ती मोठी किंवा समान असते. नलच्या राज्यात असं नसतं. तो "लहान नाही" आणि "मोठाही नाही". त्यामुळे अट आणि तिची उलट अट अशा दोन्ही बाजू मोजून बेरीज जुळते का बघणं, यासारखी स्वस्त तपासणी नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकराही जणांना फोन झाले. सगळे ठीक होते. एका आजोबांनी तर उलट विचारलं, तुम्ही सगळे बरे आहात ना?

त्या मुलाला बोल लावायचं मला काही कारण दिसत नाही. त्याने तपासलं होतं, फक्त दुसऱ्या सर्व्हरवर तपासलं होतं. माझा राग आहे तो असल्या मुकाट नलवर. एरर आला असता तर पहिल्याच सोमवारी सगळं उघड झालं असतं.

दुरुस्ती काय? प्रत्येक रिकाम्या चौकटीला कोअलेसने एक खूप जुनी तारीख द्यायची :

ग्रेटेस्ट(कोअलेस(फोन, जुनी), कोअलेस(भेट, जुनी), कोअलेस(निरोप, जुनी))

इथे "जुनी" म्हणजे १ जानेवारी १९००, आणि ती तारखेच्या रूपातच लिहा, नुसत्या अवतरणातल्या अक्षरांच्या रूपात नको. ज्यांचे तिन्ही रकाने रिकामे आहेत त्यांचं उत्तर १९०० येईल आणि ते आपोआप यादीत सगळ्यात वर जातील, जे आपल्याला हवंच आहे. फक्त छापताना "शेवटचा संपर्क १९००" असं दिसायला नको म्हणून बाहेरून नलइफ लावून ती तारीख परत रिकामी करा. आणि लीस्ट वापरत असाल तर ही युक्ती उलटी करा, खूप पुढची तारीख द्या. नाहीतर प्रत्येकाचं उत्तर १९००.

आकड्यांच्या बाबतीत लोक हात सैल सोडून शून्य भरतात. ते टाळा. आपल्यातले जे कॅनडात आहेत त्यांना लगेच पटेल : सकाळ-दुपार-रात्रीचं तापमान उणे १२, उणे ७ आणि तिसरं नोंदवायचं राहिलं. तिथे शून्य घातलंत की त्या दिवसाचं कमाल तापमान शून्य. गैरहजर मुलगा वर्गात पहिला आला!

पण थांबा, रिकामं नेहमीच सोडून द्यायचं असतं असंही नाही. घर घेताना बँक, सर्व्हेयर आणि वकील अशा तिघांची मंजुरी लागते. "सगळं कधी पूर्ण झालं?" याचं उत्तर तिन्ही तारखांतली शेवटची. पण वकिलाचा रकाना रिकामा असेल तर काम पूर्ण झालेलंच नाही, उत्तर रिकामंच हवं. इथे ओरॅकल आणि मायएसक्यूएल बरोबर, आणि पोस्टग्रेस छातीठोकपणे चुकीची तारीख सांगेल. तिथे केस लावून आधी तिन्ही भरलेत का हे विचारावं लागतं. म्हणजे कुठला सर्व्हर शहाणा हा वादच नाही. त्या रिकाम्या चौकटीचा अर्थ काय, "झालं नाही" की "लागू नाही" की "भरायचं राहिलं", हे टेबल बघून कळत नाही. ते टेबल भरणाऱ्या माणसाला विचारावं लागतं.

ज्यांच्या ऑफिसात एसक्यूएल सर्व्हर अजून २०१६ किंवा २०१९ चा आहे त्यांना ग्रेटेस्ट मिळणार नाही. ते सहसा केस व्हेनची शिडी बांधतात : फोन भेटीपेक्षा आणि निरोपापेक्षा मोठा असेल तर फोन, नाहीतर भेट निरोपापेक्षा मोठी असेल तर भेट, नाहीतर निरोप. तीन रकान्यांना तीन तुलना. चारांना सहा, दहांना पंचेचाळीस. पण लांबीपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे ही शिडी नल आला की खोटं बोलते. फोन १० तारखेचा, भेट रिकामी, निरोप ५ तारखेचा. पहिली तुलना "माहीत नाही", दुसरीही "माहीत नाही", आणि क्वेरी घरंगळत शेवटच्या पायरीवर येऊन ५ तारीख सांगते. ओरॅकल निदान "माहीत नाही" म्हणतो, ही शिडी चुकीचं उत्तर देते. त्यापेक्षा २००८ च्या आवृत्तीपासून चालणारी ही युक्ती वापरा :

सिलेक्ट नाव,
(सिलेक्ट मॅक्स(त) फ्रॉम (व्हॅल्यूज (फोन), (भेट), (निरोप)) अ‍ॅज क(त)) अ‍ॅज शेवटचा
फ्रॉम ज्येष्ठ

आडव्या तीन चौकटी उचलून क्षणभर उभ्या केल्या आणि त्यांच्यावर आपलं जुनं मॅक्स चालवलं. उभं मॅक्स सगळीकडेच नल सोडून देतं, त्यामुळे तो प्रश्नही मिटला. अनपिव्हटनेही रकाने उभे करता येतात, पण ते रिकाम्या चौकटी गाळतं, आणि ज्याच्या सगळ्याच चौकटी रिकाम्या तो माणूसच निकालातून गायब होतो. आपल्या आजींचीच गत पुन्हा.

आणखी एक ठेच परदेशात राहणाऱ्यांना हमखास लागते. एक्सेलमधून टेबल भरताना तारखा अक्षरं म्हणून आत जातात. मग ग्रेटेस्ट त्यांची तुलना शब्दकोशासारखी करतं, पहिल्या अक्षरापासून. "३१-०१-२०२१" हे "०५-१२-२०२३" पेक्षा मोठं ठरतं, कारण ३ हा ० च्या पुढे. त्याच न्यायाने अक्षरांतला "९" हा "१०" पेक्षा मोठा. त्यात अमेरिकेतल्या भाचीने महिना आधी लिहिलेला आणि लंडनच्या मामाने दिवस आधी लिहिलेला, असा सरमिसळ डेटा असेल तर देवच राखो. तारीख हा तारखेचाच रकाना हवा. अगदीच इलाज नसेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, पुढची शून्यं न गाळता लिहा, मग अक्षरांची तुलनाही बरोबर येते.

आता थोडं मागे जाऊन. चार रकान्यांतला मोठा काढायची वेळ वारंवार येत असेल तर बहुधा ते चार रकाने नसून चार ओळी असायला हव्या होत्या. फोन, भेट, निरोप हे तिन्ही "संपर्क"च आहेत. उद्या कोणी झूमवर भजनं सुरू केली की चौथा रकाना, आणि प्रत्येक क्वेरीत पुन्हा हात घालायचा. शिवाय रकान्यात फक्त शेवटची तारीख राहते, आधीचा इतिहास पुसला जातो. मंडळाचं टेबल आम्ही पुढे बदललं : एक टेबल ज्येष्ठांचं, दुसरं संपर्काचं, त्यात प्रत्येक फोनाची, प्रत्येक भेटीची एक वेगळी ओळ. त्यामुळे "कोणाला फक्त फोनच होतात, भेट कधीच नाही" हेही विचारता यायला लागलं. सगळीकडे असं करावं असं मात्र मी म्हणणार नाही. मंजुरीच्या तीन तारखा तीनच राहणार आहेत, त्या रकान्यांतच शोभतात. उगाच पुस्तकी सोवळं पाळू नये.

पण ओळी केल्या म्हणून नल सुटला असं समजू नका. ज्यांना एकही संपर्क झालेला नाही त्यांची दुसऱ्या टेबलात ओळच नाही. साधा जॉइन केलात की ते गळले. म्हणून लेफ्ट जॉइन, मग नावाऐवजी सभासद क्रमांकावर ग्रुप बाय (एकाच नावाच्या दोन मालतीबाई असू शकतात), आणि शेवटी :

हॅविंग मॅक्स(तारीख) < एकवीस दिवसांपूर्वीची तारीख ऑर मॅक्स(तारीख) इज नल

हे "ऑर इज नल" शेपूट विसरू नका. आणि "फक्त भेटी मोजा" अशी अट घालायची असेल तर ती जॉइनच्या ऑनमध्ये घाला, व्हेअरमध्ये नको. व्हेअरमध्ये घातलीत की लेफ्ट जॉइन गुपचूप साधा जॉइन होऊन बसतो. ते का होतं ते पुढच्या वेळी, तेव्हा हीच दोन टेबलं घेऊन बसू.